तपासणीत सापडलेली कुत्री

ओमानमधल्या सोहारच्या एका कामगार कॅम्पात कुत्र्याचं मटण विकलं जात होतं. विकायचे मेसमधलेच तिघे. त्याला बंदी होती, आणि हे विकणाऱ्यांसकट सगळ्यांना ठाऊक होतं. मी तेव्हा मस्कतच्या एका वर्तमानपत्रात होतो. कॅम्पाचा वॉचमन गुहागरकडचा, माझ्या ओळखीचा. गेटापाशी तो दोन कुत्र्यांना उरलेला भात घालायचा. त्यातली एक नाहीशी झाली. तिच्या गळ्यातली निळी दोरी मेसच्या मागे सापडली, रक्ताने कडक झालेली.

"भाऊ, दुसरी तरी वाचली पायजे," तो फोनवर म्हणाला. "तुम्ही पेपरवाले. तुमचं ऐकतील."

मी नगरपालिकेत तक्रार दिली. ती पोलिसांची बाब आहे, असं तिथे कळलं. पोलिसांनी ती नगरपालिकेची ठरवली. चार खेपांनंतर तपासणीचा दिवस नक्की झाला आणि कॅम्पाच्या सुपरवायझरला आधी कळवण्यात आला. शिष्टाचार म्हणून.

त्या सकाळी मेसला फिनाइलचा वास होता. फ्रीझरमध्ये फक्त कोंबड्या. नगरपालिकेच्या निरीक्षकाने आचाऱ्याला टोपी नाही म्हणून दम दिला. वॉचमनने दोरी पुढे केली.

"ये तो रस्सी है," निरीक्षक म्हणाला. "गोश्त किधर?"

"पेट में गया, साब."

"मग पोटं फाडून दाखव की," सुपरवायझर मराठीत म्हणाला आणि स्वतःच हसला. "यल्ला, चाय पियेंगे."

चहा झाला. निघताना उरलेली कुत्री निरीक्षकावर भुंकली.

"किसका है?"

"मेरा, साब," वॉचमन घाईने म्हणाला. मालक असलेल्या कुत्रीला कोणी हात लावणार नाही, असा त्याचा हिशेब.

निरीक्षकाने पहिल्यांदाच पेन उघडलं. कॅम्पात जनावर पाळायला मनाई होती. अहवालात दोन ओळी आल्या: आक्षेपार्ह मांस आढळलं नाही, विनापरवाना कुत्री एक, कॅम्प व्यवस्थापनाने ताबडतोब हटवावी. आमच्या पेपरने त्यावरून कॅम्पातल्या स्वच्छतेची बातमी केली. मथळा मीच दिला.

हुकमाची अंमलबजावणी त्याच दुपारी झाली. नगरपालिकेचं एवढं तत्पर काम मी दुसरं पाहिलेलं नाही. सुपरवायझरने ते मेसवाल्या तिघांवर सोपवलं. कुत्री पकडण्यात त्यांचा हात बसलेला होता.