आक्काच्या गिरणीतले काळे तेल

इंजिनाच्या वंगणात मळ सोडवणारी द्रव्ये मिसळलेली असली, तर सिलिंडरमधले डिझेल अधिक चांगले जळते का? सत्तर सालच्या आसपास एका उन्हाळी सुटीत मी या प्रश्नाचा छडा लावायचे ठरवले. मी भोरला शाळेत विज्ञान शिकवत असे, आणि माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, आंबवड्याला डिझेल इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती.

ते इंजिन निळसर धूर ओकत असे. धूर खोलीत भरे आणि पिठाला लागे. "आक्का, भाकरी खाऊ का यष्टीमागं हुंगत उभी राहू?" असे एका शेजारणीने विचारले, आणि बाया दळण घेऊन दुसऱ्या गावी जाऊ लागल्या. असेच चालले तर गिरणी बंद करावी लागणार, हे आक्काला दिसत होते.

भोरच्या एका इंजिन-मिस्त्रीच्या सल्ल्याने मी इंजिनातले साधे तेल काढून मळ सोडवणारी द्रव्ये असलेले नवे तेल ओतले. आठ दिवसांत ते काळेकुट्ट झाले.

"मास्तर, ह्ये त्याल हाय का शाई?" आक्काने विचारले.

आतला मळ सुटतो आहे, असे मी समजावले.

पंधरवड्याने एका सकाळी तिने हँडल मारले, तर ते अर्ध्यावरच अडले.

"झालं समाधान? इंजान जाम केलंत तुमी."

डिझेल बंद करून मी हँडल सावकाश फिरवले. ते स्प्रिंगसारखे हात मागे रेटत होते. जाम झालेले इंजिन असे रेटत नाही. मळामुळे पिस्टनला चिकटून बसलेल्या कड्या मोकळ्या झाल्या होत्या, आणि आता हवा निसटत नव्हती. हँडल मारताना ती हवा सोडून देण्यासाठी इंजिनावर एक छोटी दांडी असते. आधी हवा निसटून दाब इतका कमी झाला होता, की आक्काला ती कधी उचलावीच लागली नव्हती. मी ती उचलून दाखवली.

"ही त्यासाठी हाय व्हय? म्या हिला पिशवी अडकवत हुते."

आम्ही दोघेही हसत सुटलो. मग तिने दांडी उचलून हँडल मारले, वेग येताच दांडी सोडली, आणि इंजिन सुरू झाले. धूर अगदी विरळ होता.

उत्तर असे मिळाले: द्रव्यांचा डिझेलच्या जळण्याशी थेट संबंध नव्हता. त्यांनी कड्या मोकळ्या केल्या. त्यामुळे हवा नीट दाबली जाऊन पुरेशी तापू लागली, डिझेल पुरते जळू लागले आणि वंगण जळायचे जवळजवळ थांबले. त्याच आठवड्यात ती शेजारीण पायलीभर दळण घेऊन आली, दळून होताच मूठभर पीठ नाकाशी नेले आणि म्हणाली, "आता कसं, पिठाला पिठाचाच वास येतोय." आक्काने त्या दिवशी मला दोनदा चहा दिला.

मात्र एका इंजिनावरून नियम ठरत नाही. आपल्याकडे असे जुने इंजिन असेल, तर तेल बदलण्यापूर्वी आणि नंतर पंधरवड्याने, डिझेल बंद ठेवून, दांडी न उचलता, हँडल हळू फिरवून ते हात किती रेटते ते पाहा आणि मी लिहिले ते खरे आहे का, हे स्वतः तपासा.