ओरेनला एकतीस मासे

ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, हेमेंद्र भोईटे राहतो. गेले दोन महिने तो एका अशा माणसावर जळतोय, जो मुळात माणूसच नाही.

क्वार्टर बायकोच्या नावावर आहे. गरिमा सरकारी शाळेत गणित शिकवते. हेमेंद्र सिटी सेंटरमध्ये एका मोबाइल कंपनीच्या तक्रार केंद्रात कानाला हेडफोन लावून बसतो. समोरचा रडो, ओरडो, की आईबहिणीवर येवो, हेमेंद्रने समोर चिकटवलेल्या कागदावरचं एकच वाक्य म्हणायचं: "आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है।" सहा वर्षांत हा खेद त्याच्या जिभेवर असा बसलाय की घरी दूध उतू गेलं तरी आधी तोच बाहेर येतो.

व्हिडिओ गेमचं वेड मूळचं त्याचं. रोज संध्याकाळी एकट्याने खेळणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने दिवाळीच्या सुट्टीत गरिमालाही शेजारी बसवलं, हातात कंट्रोलर दिला, बटणं शिकवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. आठवड्याभरात ती त्याच्या पुढे गेली, आणि महिन्याभरात तिला ओरेन भेटला.

गेमचं नाव 'सात नद्यांचं राज्य'. खेळणारा त्यात तलवार घेऊन गावोगाव फिरतो, लोक कामं सांगतात, ती करायची. कोणाशी बोलताना पडद्यावर चार उत्तरं येतात. त्यातलं एक निवडायचं आणि त्यावर म्हणे पुढची गोष्ट ठरते. वाटेत सोबती मिळतात. त्यांना आवडीच्या वस्तू दिल्या की त्यांची निष्ठा वाढते, शंभरापर्यंत. ओरेन हा त्यातला एक. उंच, निळा झगा, मिशा वर वळवलेल्या, बोलणं कमी. हेमेंद्रच्या मते हिंदीत आवाज देणाऱ्याने घसा मुद्दाम खरवडून घेतला होता.

शेवटून दुसरी मोहीम पुलाची. शत्रू पाठीवर, खाली नदी, आणि कोणीतरी मागे थांबून पूल अडवून धरायचा. तिथे ओरेन पुढे होतो आणि म्हणतो, "तुम चलो। पुल मैं देख लूँगा।" मग पूल पडतो, ओरेनसकट.

पहिल्यांदा तो मेला तेव्हा गरिमा रडली. अगदी नाक लाल होईपर्यंत. हेमेंद्रने तिला रुमाल दिला आणि त्याच्या मनात आलं, की मला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट वीस हजारावर आलेल्या, तेव्हा ही डबा घेऊन आली आणि म्हणाली, "गडबडीत लोणचं राहिलं."

डोळे पुसून गरिमाने मोहीम परत लावली. या वेळी दुसरं उत्तर निवडलं. "तुम चलो। पुल मैं देख लूँगा।" तिसरं निवडलं. तेच. चौथं, ज्यात ती म्हणते की मीच थांबते, त्यावर तो हसला आणि पुन्हा तेच बोलला. मग तिने एक शंभर पानी वही घेतली आणि तिच्यात फांद्या काढायला लागली, कुठे काय निवडलं की काय होतं. अकरा वेळा खेळली. अकरा फांद्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला पूल पडलेला.

"चार ऑप्शन देतात कशाला मग?" ती चिडून म्हणाली. "मी पेपरात असा प्रश्न टाकला ना, चारही पर्यायांचं उत्तर एकच, तर मुलं मला वर्गात येऊ देणार नाहीत."

"लिहिणाऱ्याने शेवट आधीच ठरवलाय, यार. आपण काहीही दाबलं तरी तोच. आमच्या ऑफिसात काय वेगळं चालतं?"

"तू गप रे. तुला काही वाटतच नाही त्याचं."

वाटत कसं नव्हतं, चांगलं पोटात दुखत होतं. एकदा ती अंघोळीला गेल्यावर त्याने वही उघडली. मागच्या पानावर टापटीप अक्षरात लिहिलं होतं: 'ओरेन. भाजलेलं कणीस आवडतं. मासे अजिबात नाही. घाई केलेली आवडत नाही.' हेमेंद्रला पोह्यात शेंगदाणे आवडत नाहीत. लग्नाला पाच वर्षं झाली, आणि पाच वर्षं दर रविवारी तो ते बशीच्या कडेला काढून ठेवतोय.

आता खरं दुखणं सांगायला हवं, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. गरिमाला पाहायला एकाच आठवड्यात दोन स्थळं आली होती. एक हेमेंद्र. दुसरा मुरारचा दिग्विजयसिंह, फौजेत कॅप्टन, उंच, मिशा वर वळवलेल्या. घरच्यांनी विचारलं तेव्हा गरिमा म्हणाली होती, "दोन्ही चालतील." हे वाक्य हेमेंद्रला लग्नाच्या पंगतीत सासरच्या एका आत्याबाईंनी जिलबीबरोबर वाढलं, आणि ते अजून पचलेलं नाही. दिग्विजयसिंह आता मेजर आहे. त्याचे बर्फातले फोटो हेमेंद्र मोबाइलवर नेमाने बघतो, बघून फोन पालथा ठेवतो. जी बाई अकरा वेळा एकाच पुलावर परत जाते, ती आणखी कुठला शेवट बदलायला निघाली आहे, हे विचारायची त्याची हिंमत नव्हती.

त्यात घराणं आडवं येत होतं. भोईटे मूळचे दक्षिणेतले, फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेले. बिर्लानगरला, हेमेंद्रच्या आईवडिलांच्या घरी, खंडेनवमीला तलवार पूजेला निघते. कुठल्याशा लढाईत खापरपणजोबा आप्पाजींवर नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, राखायची कामगिरी होती, आणि तिसऱ्या दिवशी ते घरी जेवायला हजर होते. का, ते दर वर्षी बदलतं. कधी घोडी लंगडली, कधी पूर आला. तलवारीला एकही खाच नाही. हेमेंद्रचे वडील दौलतसिंह पाहुण्यांना पातं दाखवून म्हणतात, "पोलाद बघा, पोलाद." आणि आई, विजयाबाई, आरतीचं ताट सावरत म्हणतात, "खाच पडायला कशावर तरी आपटावी लागते."

शनिवारी गरिमाला परीक्षेची ड्यूटी होती आणि हेमेंद्रला सुट्टी. घरात फक्त तो आणि ओरेन.

त्याने गरिमाचा खेळ उघडला. ओरेनची निष्ठा चौऱ्याण्णव. हेमेंद्रने घोडा काढला, कोळ्यांच्या गावी गेला आणि मिळतील तेवढे मासे घेतले. एकतीस मिळाले. मग छावणीत येऊन एकेक करून सगळे त्याने ओरेनला भेट दिले. पहिल्या माशाला ओरेन म्हणाला, "यह... मेरे लिए?" पाचव्याला गप्प झाला. दहाव्यानंतर त्याने मान फिरवली. हेमेंद्रने चहा करून आणला आणि पुढे सुरू केलं. बोलायची वेळ आली की चार उत्तरांतलं सगळ्यात खवचट निवडत होता. दुपारी एकपर्यंत निष्ठा शून्यावर आली. निळा झगा तंबूबाहेर पाठ करून बसलेला पाहून हेमेंद्रला असं समाधान वाटलं, जसं मेजरची बदली थेट वाळवंटात झाल्यावर वाटलं असतं.

आता हा पुलावर येणार नाही, आणि आलाच तर पळेल, हे गरिमाने पाहावं एवढीच त्याची इच्छा होती. पण खात्री करायला तो स्वतः पुढे खेळला, आणि चुकला तो इथे.

पूल आला. मागे शत्रू, खाली नदी. झाडीतून निळा झगा बाहेर आला, एकतीस मासे पिशवीत घेऊन, आणि म्हणाला, "तुम चलो। पुल मैं देख लूँगा।"

हेमेंद्रने कंट्रोलर मांडीवर ठेवला. हे वाक्य कागदावरचं आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. ओरेन त्याच्याच धंद्यातला होता. पण हेमेंद्र 'खेद है' म्हणून फोन ठेवतो, आणि हा गाढव ते म्हणून मरत होता. आणि इतका अपमान गिळून. आपण शेंगदाण्यांवरून पाच वर्षं कुढतोय, असं त्याच्या मनात आलं, आणि आधी जेवढा राग होता त्याच्या दुप्पट आला.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं चमकली. खेळ आपोआप जतन झाला होता. गरिमाच्या तीन महिन्यांच्या खेळावर.

रविवारी सकाळी तिने पोह्यांच्या बशा आणल्या, एक त्याच्यापुढे ठेवली आणि टीव्ही लावला. हेमेंद्र खाली मान घालून शेंगदाणे वेचू लागला.

"हे काय?" गरिमा म्हणाली. "निष्ठा शून्य? आणि ह्याच्या पिशवीत एकतीस मासे कोणी घातले?"

"आपको हुई असुविधा के लिए..."

"हेमेंद्र."

"मी."

"का पण? तुला माहीत होतं ना, त्याला मासे चालत नाहीत?"

"हो. वहीत वाचलं."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, वर्गात उभी राहते तशी. अशा वेळी मुलं खरं बोलतात म्हणे. हेमेंद्रही बोलला. पंगतीतली आत्याबाई, 'दोन्ही चालतील', मिशा, बर्फातले फोटो, सगळं. बोलताना शेंगदाण्यांचाही उल्लेख आला. गरिमा ऐकत होती. शेवटी तिने विचारलं,

"म्हणजे तू दिग्विजयसिंहला मासे चारलेस?"

आणि ती अशी हसली की शेजारच्या क्वार्टरच्या सुधाताईंनी गॅलरीत येऊन डोकावलं.

"हस तू," हेमेंद्र म्हणाला. "दोन्ही चालतील म्हणाली होतीस की नाही?"

"म्हणाले होते. मला विचारलं तेव्हा बाबांनी तुझ्या घरी होकाराचा नारळ पाठवलेला होता, वेडू. फौजी मुलीला घेऊन कुठे कुठे फिरेल, हा इथेच राहील, एवढा त्यांचा हिशेब. माझं उत्तर फक्त ऐकून घ्यायचं होतं. मी 'तिसरा आणा' म्हटलं असतं तरी तूच आला असतास." ती खाली बसली आणि त्याच्या बशीच्या कडेचे शेंगदाणे उचलून तोंडात टाकले. "आणि हे मला आवडतात. तू काढून ठेवतोस म्हणून दुप्पट मिळतात."

"मग अकरा वेळा काय शोधत होतीस?"

"एखादा तरी शेवट, जो आधी कोणी ठरवलेला नाही." तिने आणखी दोन शेंगदाणे खाल्ले. "तू असतास पुलावर, तर थांबला असतास?"

इथे हो म्हणायला काही जात नव्हतं. चार पर्याय असते तर चारही 'हो' असते. पण हेमेंद्रला बिर्लानगरची तलवार दिसली, आरशासारखी, एका खाचेविना.

"नाही," तो म्हणाला. "पळालो असतो."

"एकटाच?"

"एकटा कशाला? तुला ओढत नेलं असतं. चप्पल घालायलाही थांबू दिलं नसतं."

 गरिमाने वही ओढली, अकराव्या फांदीच्या खाली एक नवी फांदी काढली आणि तिच्या टोकावर लिहिलं, 'चल, पळू.' मग पेन्सिल कानावर अडकवून म्हणाली, "बघ ना. एवढी साधी गोष्ट, आणि हा ऑप्शनच दिला नाही मेल्यांनी."

तिने मोहीम लावली, बारावी. निष्ठा शून्यच होती, ती वाढवायला ती गेली नाही. पुलावर निळा झगा आला, आपलं वाक्य बोलला. पडद्यावर चार उत्तरं आली.

"थांब मग," गरिमा पडद्याला म्हणाली, हाताला लागलं ते बटण दाबलं आणि सरळ पलीकडच्या काठाकडे चालू लागली. मागे पूल कडकडला तरी तिने कॅमेरा फिरवला नाही. ती रस्त्यावरच्या पुढच्या गावाकडे बघत होती.

हेमेंद्र मात्र पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पुलाचं टोक अजून दिसत होतं, निळा झगा धुळीत दिसेनासा होईपर्यंत बघत होता.