दगूबाईचा पाचू फिका पडतो

नंदुरबारजवळच्या कोरीट गावच्या दगूबाईच्या करंगळीत पाचू आहे, आणि त्या पाचूला अख्खी गल्ली टरकून असते. लग्नानंतरच्या पहिल्याच बुधवारी सासूनं तो कच्च्या दुधात बुडवून तिच्या बोटात घातला, बुधाचा खडा म्हणून. वर बजावलं, "याला बघून सापाची नजर जाते, आणि घालणारी खोटं बोलली की हाच फिका पडतो." साप काही परीक्षेला आला नाही. पण तीस वर्षं बाई खोटं बोलली नाही हो! कोंबडी कुणाची, बांध कुणी कोरला, भांडण कसलंही असो, लोक म्हणायचे, "दगूमायले इचारा."

यंदाच्या हिवाळ्यात मात्र घात झाला. पाहुण्यांनी तळलेल्या बिबड्या, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, कुरुकुरु खाल्ल्या आणि विचारलं, "कोना हातन्या?" बाईची जीभ घसरली. "मन्ह्याच!" बिबड्या होत्या सुनेच्या, रिनाच्या. रिना ताट घेऊन दारातच उभी. तिनं पाहुण्यांना आणखी दोन बिबड्या वाढल्या, आणि तेच दगूबाईला जास्त झोंबलं.

पंधरा दिवसांत पाचू ढगाळला. आत भेगा दिसायला लागल्या. बाईची पाचावर धारण बसली! ओट्यावर बसायची ती हात पदराखाली लपवून. शेजारच्या शांतीबाईनं हेरलंच, "करंगळी दाखाड व माय."

शेवटी साऱ्या जणी अंगणात मिरचीची देठं खुडायला बसल्या, तेव्हा दगूबाईनं सांगून टाकलं, "त्या बिबड्या रिनान्या व्हत्यात. मी खोटं बोलनी." रिनाचे डोळे भरले.

"मिरची लागनी, आत्या," ती म्हणाली.

एवढं करूनही पाचू ढगाळ तो ढगाळच! मग बाईनं नंदुरबार गाठलं. नवनीत सोनारानं भिंग लावलं आणि हसला. "माय, पाचू जन्मतःच भेगाळ असतो. लांबच्या देशात खाणीतून निघाला की त्यात तेल मुरवतात, मग भेगा दिसत नाहीत. तुमचं तेल वाळलंय. आधी हाताला तेल लागायचं का?"

लागायचं की! आग होऊ नये म्हणून मिरची खुडताना दर हिवाळ्यात हात तेलानं माखलेले. यंदा रिनानं रबरी मोजे आणून दिले होते, सासूचे हात जळू नयेत म्हणून.

"मंग खोट्याचं काही नही?"

"खड्याला कान असतात का माय?"

दगूबाई करंगळीवर खेकसली, "मेल्या, तीस वरीस माले उगाच धाकात ठेवं!" सोनारानं खड्यात पुन्हा तेल मुरवलं, पाचू हिरवागार झाला.

रिना दारात वाटच बघत होती. "आत्या, काय म्हने सोनार?"

आता खरं सांगावं, तर पाचूचा धाक गेला, गल्लीतला मान गेला. ते एक वेळ चाललं असतं. पण सासूच्या खोट्यावर फिका पडून खडा आपल्या बाजूनं उभा राहिला म्हणून पोरगी किती दिवसांनी फुलली होती! तेवढं मात्र बाईच्यानं मोडवेना.

"सोनार काय म्हनी? मी खरं बोलनी, तव्हय तो उजळना."

आणि तिनं चोरून करंगळीकडे पाहिलं. पाचू जसाच्या तसा हिरवा, निर्लज्ज कुठला!

दुसऱ्या दिवशी मिरचीला बसताना दगूबाईनं आधी दोन्ही हात तेलानं चोपडले, आणि त्यावर रिनाचे मोजे चढवले.