पाठवणीची जीप

भिंगारच्या गॅरेजात परवा माझ्या गाडीचा फिल्टर बदलत होते. डिझेलचा वास आला आणि मी थेट पाथर्डीला, ताईच्या पाठवणीत जाऊन पोचलो.

लेक आपल्याच जीपमधून सासरी जाणार, हा अण्णांचा हट्ट. आदल्या दिवशी अंगणात बसून फिल्टरही त्यांनी स्वतःच बदलला. ताई आईच्या गळ्यात पडून रडली, जीप निघाली आणि मांडवाबाहेर येताच बंद पडली. अण्णा नव्या पांढऱ्या सदऱ्यानिशी बॉनेटखाली वाकले. "फिल्टर बदलताना डिझेलच्या नळीत हवा धरलीय, दुसरं काय न्हाई." इंजिनावरचा डिझेलचा छोटा हातपंप दाबला की इंजिन धडधडायचं, थोडं पुढं जाऊन पुन्हा गप्प. दर वेळी आई धावत जायची, पुन्हा मिठी, पुन्हा रडणं. शेवटी कुणाच्याच डोळ्यांत पाणी उरलं नाही. डिझेलनं माखलेले हात अंगापासून लांब धरून अण्णा म्हणाले, "आता काय करू गं पोरी?"

वऱ्हाडासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज त्या जीपचा राग येतो तो वेगळ्याच कारणानं.

ती पुन्हा निघाली तेव्हा आम्ही कुणी हातसुद्धा हलवला नाही. वळणावर बंद पडेलच, म्हणून आई पदर खोचून तयार उभी होती.

जीप थांबलीच नाही.