नऊ नंबरच्या ताटातला चावा

मिस्त्री दात बनवतो. बाजारातल्या एका तीन मजली इमारतीत अगदी वर त्याची खोली आहे. आत एक टेबल, एक छोटी भट्टी, मेणाचे तुकडे आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, मिस्त्री त्यावरून साचा ओततो आणि कॅप नाहीतर कवळी करून देतो. साच्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. त्यामुळे हजारो तोंडं त्याला आतून ठाऊक, पण त्यातलं एकही माणूस रस्त्यात भेटलं तर ओळखता यायचं नाही.

दिवसभर जबड्यांसमोर एकटा बसलेला माणूस काय करणार? गोष्टी रचणार. हा जबडा भांडकुदळ बाईचा, हा चोरून खाणाऱ्याचा, हा जावयाचा, कारण हसून हसून झिजलाय. या गोष्टी मिस्त्री गुरुवारपर्यंत साठवून ठेवायचा.

गुरुवारी दुपारी तिघं कोपऱ्यावरच्या चायनीज हॉटेलात जेवायची. मिस्त्री, मधल्या मजल्यावरचा घड्याळं दुरुस्त करणारा टिकटिक, आणि तळमजल्यावरची ताई. ताई कपडे मापात बसवून देते: पँट आखूड करणं, चेन बदलणं, पोट सुटलेल्यांचा शर्ट सैल करणं. पहिल्या वर्षी तिघांनी ठरवलं होतं की लंच स्पेशल तीन वेगवेगळे मागवायचे आणि ताटं फिरवायची. प्रत्येकाने समोरच्या ताटातलं थोडं खायचं आणि ताट उजवीकडे सरकवायचं. उष्टंबिष्टं काही नाही. अकरा वर्षं हे चालू होतं. वाढणारी बाई त्यांना बघताच न विचारता चार, सात आणि नऊ नंबर आणून ठेवायची.

त्या गुरुवारी मिस्त्री भलताच रंगात होता. सूप येईपर्यंतही त्याला दम निघेना.

"काल एक साचा आलाय. बाईचा. काय सांगू तुम्हाला! समोरच्या दाताला ही एवढी खाच. खालचा दात तर आडवाच बसलाय, बसमध्ये सीट अडवून बसावं तसा."

"पडली असेल बिचारी," टिकटिक म्हणाला.

"छे! पडून अशी खाच पडत नाही. ही बाई दातांनी बाटल्या उघडत असणार. रोज! नवरा कोपऱ्यात उभा, थरथरतोय, आणि ही आपली, टॉक!" मिस्त्रीने खालचा जबडा पुढे काढून बाटली उघडायची नक्कल करून दाखवली. शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. टिकटिकला हसता हसता ठसका लागला. ताईही हसली, तोंडावर हात धरून. मिस्त्रीला आणखी चेव आला. त्याने नक्कल पुन्हा केली, या वेळी नवऱ्यासकट.

मग ताटं फिरली. ताईसमोरचं नऊ नंबर, टोफू आणि मश्रूम, मिस्त्रीपुढे आलं. ताटाच्या कडेला टोफूचा एक जाड काप अर्धा खाऊन ठेवलेला होता. टोफूवर चावा मेणावर उमटावा तसा उमटतो. मिस्त्रीने चमचा उचलला आणि त्याचा हात तिथेच थांबला.

समोर, किंचित डावीकडे, खाच. खाली आडवा दात.

कालपासून तो जबडा त्याच्या हातात होता. चूक होणं शक्यच नव्हतं. आणि त्याच क्षणी त्याला हेही कळलं की ती खाच बाटलीची नाही, दोऱ्याची आहे. तीस वर्षं ताई टाका घालून झाला की दोरा दातांनी तोडते. मिस्त्रीच्या स्वतःच्या किती पँटींचा दोरा तिने त्याच्या डोळ्यांदेखत तसा तोडला होता! ज्याचं पोट दातांवर चालतं त्या गाढवाला हे दिसू नये?

त्याचे कान तापले. टोफू त्याने कसाबसा गिळला. ताई घड्याळाकडे बघून म्हणाली, "निघते रे, एक गिऱ्हाईक यायचंय." तिने बडीशेपसुद्धा घेतली नाही.

पुढचे चार दिवस मिस्त्री स्वतःची समजूत घालत राहिला. तिला कुठे ठाऊक साचा कोणाकडे गेलाय? डॉक्टर शहरभर साचे वाटतात. तिची कॅप मात्र त्याने तीनदा केली. रंग जुळवायला खिडकीशी जाऊन उभा राहिला. कॅप इतकी सुरेख झाली की तिच्याकडे बघून त्याला जास्तच लाज वाटली. जिना उतरताना ताईच्या दारावरून तो फोन कानाला लावून जायला लागला. फोन बंदच असायचा.

पाचव्या दिवशी त्याला ते असह्य झालं. तो तिच्या दुकानात जाऊन उभा राहिला. ताई टाका घालत होती. टाका संपला तशी तिने कात्री शोधून दोरा कापला.

"ताई, तो साचा..."

"माझा," ताई म्हणाली. मान वर न करता.

"मला माहीत नव्हतं गं. देवाशपथ."

"माहीत नव्हतं म्हणून हसलास. दुसऱ्या कुणाचा असता तर चाललं असतं का?"

"माफ कर," एवढंच तो म्हणाला.

"माझ्या एकटीपुढे नको. हसलास चारचौघांत, तिथेच बोल."

गुरुवारी ताटं आली. मिस्त्रीने चमच्याला हात लावला नाही. "टिकटिक, मागच्या वेळी ज्या साच्याची मी नक्कल केली, तो ताईचा होता. ती खाच दोरा तोडून पडलीये. कष्टाची खाच आहे ती, आणि मी माकडचाळे केले. चुकलो." शेजारच्या टेबलावर आज दुसरीच माणसं होती, पण त्यांनीही वळून बघितलं. बघू देत, असं त्याला वाटलं.

टिकटिकचा चेहरा पडला. आपण केवढ्या मोठ्याने हसलो होतो, ते त्यालाही आठवलं असणार. काहीतरी बोलायचं म्हणून तो पुटपुटला, "पण एवढ्या शहरात साचा नेमका तुझ्याकडेच कसा आला?"

उत्तर ताईने दिलं. तोंडावर हात धरूनच.

"मीच सांगितलं होतं डॉक्टरांना. ते दुसरीकडे पाठवत होते. मी म्हटलं, मला माझ्या दातांची लाज वाटते, आमच्या मिस्त्रीकडे द्या. तो हसायचा नाही."