बाइंडरकाकूंचा मेमो

वाचनालयातल्या बाइंडरकाकूंचं वय सत्तावन्न, आणि खोड्या सातवीतल्या. एकदा त्यांनी कोऱ्या पानांचं एक पुस्तक सुबक बांधलं, पाठीवर सोनेरी अक्षरांत 'आळशी माणसाचे पराक्रम' असं छापलं आणि चरित्रांच्या कपाटात गुपचूप ठेवून दिलं. महिनाभरात चार वाचकांनी ते घरी नेलं. एकानेही तक्रार केली नाही. एक निवृत्त मास्तर तर दुसरा भाग आलाय का म्हणून विचारून गेले.

सहा महिन्यांपूर्वी आलेले नवे ग्रंथपाल मात्र तरुण आणि कडक इस्त्रीचे. पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि काकूंच्या टेबलावर इंग्रजीत मेमो आला. काकूंचं इंग्रजी पुस्तकांच्या पाठीपुरतं. एकेक अक्षर लावत त्या 'किडिश' या शब्दापाशी आल्या आणि थबकल्या. किडिश म्हणजे किडकं, दुसरं काय असणार? एरवी कसलीही गोष्ट हसण्यावारी नेणाऱ्या काकूंच्या हे मात्र जिव्हारी लागलं. जेवणाचा डबा तसाच राहिला. हाताची खळ पुसत त्या थेट केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, तीस वर्षं मी पुस्तकांतली कीड काढतेय. आणि किडकी मीच?"

साहेब गोंधळले. तसं नाही हो, तो बोलण्यातला शब्द आहे, असं काहीबाही सांगू लागले. पण नेमका अर्थ सांगताना त्यांचीही त-त-प-प झाली. शेवटी काकूंनीच बांधणीला आलेला जाडजूड शब्दकोश आणून समोर आदळला. 'के'ची पानं सुटी झाली होती, ती दोघांनी मिळून जुळवली. साहेब बोट ठेवून वाचू लागले. 'किड' म्हणजे मुळात शेळीचं पिल्लू. पुढे लोक बोलताना पोरांनाही किड म्हणू लागले, आणि त्याला शेपूट जोडून झालं किडिश.

"म्हणजे मी करडू?"

"म्हणजे... पोरकट," साहेब पुटपुटले.

काकूंचा जीव भांड्यात पडला. मेमो पुन्हा साहेबांपुढे सरकवत त्या म्हणाल्या की आरोप मान्य आहे, फक्त मराठीत लिहून द्या, आणि शब्द करडूच हवा. साहेबांनी पेन उघडलं, 'कर्मचाऱ्याचे वर्तन करडासारखे' इथवर लिहिलं आणि त्यांना हसू आवरेना. सही वेडीवाकडी झाली.

संध्याकाळी काकूंनी तो कागद नवऱ्याला दाखवला. घड्याळं दुरुस्त करणारा तो शांत माणूस. डोळ्याचं भिंग न काढताच त्याने मेमो वाचला.

"एवढं कळायला साहेबांना सहा महिने लागले?" म्हणाला, आणि पुन्हा घड्याळावर वाकला.