बंद मागाचे नट

आमच्या सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात तो फिटर एकदाच आला. मागांचे गंजलेले चेकनट, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावलेले जोडीचे नट, बदलायला मालकांनी त्याला बोलावलं होतं. त्याच्या पिशवीत स्टीलचे पातळ नट होते. एकेक नट तो डोळे मिटून बोल्टवर नुसत्या बोटांनी फिरवायचा आणि जरा अडला की बाजूला टाकायचा. स्टीलवर स्टील कोरडं आवळलं तर कायमचं चिकटतं, म्हणून आधी तेलाचा थेंब. मग खाली पातळ नट, त्यावर जाड, आणि शेवटी दोन्हींवरून नेलपॉलिशची एक लाल रेघ.

"रेघ तुटली की समजायचं, नट हलला," तो मला म्हणाला.

कोपऱ्यातला माग वर्षभर बंद होता. त्यात आमच्या एका कामगाराचा हात गेला होता. मागाची वायरही काढून टाकली होती. तरी फिटर तिथंही नट बसवायला लागला.

"बंद मागाला कशाला?" मी विचारलं.

त्यानं मागावर तळहात ठेवला. "बंद हाय म्हणूनच. चालू मागाकडं समद्यांचं ध्यान असतंय की."

आठवड्यानं मालक म्हणाले, "तो माग सुरू करू. तूच चालव."

वायर जोडण्याआधी मी वाकून पाहिलं. चालत्या मागांवरच्या सगळ्या रेघा सरळ होत्या. इथली मात्र मधोमध तुटली होती, वरचा नट पाव फेरा सरकला होता.

मी मालकांना बोलावून ती दाखवली. ते वाकले आणि अंगठ्याच्या नखानं ती रेघ खरवडायला लागले.